घरचा व्हिडिओ कोणासाठी?

लग्नाची कॅसेट आठवते का? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बोईसरला, पालघरला, चिंचणीला कुणाचे लग्न असले, की शूटिंगवाला यायचा. त्याच्या खांद्यावर भला मोठा कॅमेरा असे. मागे दिवा धरणारा पोऱ्या असे. तो दिवा तोंडावर आला की नवरीचे डोळे दिपायचे. महिन्या-दोन महिन्यांनी कॅसेट घरी यायची. मग व्हीसीआर भाड्याने आणायचा, माणसे गोळा करायची आणि सगळ्यांनी बसून लग्न पुन्हा पाहायचे. "ही बघ मावशी!" "अरे, हा बघ कसा जेवतोय!" असे हसणे-खिदळणे चालायचे. पाहून झाले की कॅसेट पिशवीत आणि पिशवी कपाटात.

ती कॅसेट कोण पाहत होते? आपल्या घरी येणारी माणसे. जो पाहायला येई, तो उंबरठा ओलांडून येई. तो कोण, कुठला, हे आपल्याला ठाऊक असे. त्याला चहा द्यावा लागे!

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. बारसे, जावळ, हळद, वाढदिवस, पोराचे पहिले पाऊल, काही असो, मोबाइल वर होतो आणि व्हिडिओ तयार. तो पाठवायलाही वेळ लागत नाही. अंगठा दाबला की गेला. कुठे गेला? किती जणांकडे गेला? परत येतो का? हे प्रश्न साधे आहेत; पण वर्गात आम्ही ते विचारतो, तेव्हा शिकलेली मंडळीसुद्धा एकमेकांकडे पाहतात. म्हणून या पाठात आपण तेवढेच समजून घेऊ.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. व्हिडिओ पाठवणे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या भागात तर त्याची मोठी गरज आहे. बोईसरची कारखान्यांची वसाहत, जिला आपण तारापूर एमआयडीसी म्हणतो, तिथे कामाला कुठकुठली माणसे आलेली आहेत! कुणी खानदेशातून, कुणी मराठवाड्यातून, कुणी उत्तर प्रदेशातून, कुणी बिहारमधून. मूल इथे जन्मते, आजी तिकडे गावी असते. पूर्वी आजीला नातवंडाचे तोंड पाहायला वर्ष-वर्ष थांबावे लागे. आता संध्याकाळी पोर रांगले, तर रात्री आजीने ते पाहिलेले असते. आमच्या मते एवढे एक सुख मिळाले, तरी मोबाइलचे पैसे वसूल झाले.

आता हा व्हिडिओ जातो कसा, ते पाहू.

व्हिडिओ म्हणजे पुष्कळ चित्रांची माळ. एका सेकंदात पंचवीस-तीस चित्रे डोळ्यांपुढून जातात, म्हणून ती हलल्यासारखी दिसतात. चित्रे जास्त, म्हणून वजनही जास्त. मोबाइलवर चांगल्या प्रतीचे एक मिनिटाचे शूटिंग घेतले, तर ते साधारण 100 एमबी भरते. दहा मिनिटांचे घेतले, तर 1000 एमबी, म्हणजे जवळजवळ 1 जीबी. रोजचा 1.5 जीबीचा नेटपॅक असलेल्या माणसाने हळदीचा दहा मिनिटांचा व्हिडिओ तसाच चढवला, तर दिवसाचा दोन-तृतीयांश पॅक तिथेच संपला. "पॅक लवकर संपतो, कंपनी फसवते," अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. कधी ती खरीही असेल. पण आधी घरातल्या पोरांनी दिवसभरात काय काय चढवले, ते पाहावे.

व्हॉट्सॲपवरून पाठवताना व्हिडिओ दाबून लहान केला जातो. म्हणून तो लवकर जातो, पण चित्र थोडे पुसट होते. यूट्यूबवर चढवला, तर ती कंपनी त्याच्या लहान-मोठ्या अनेक प्रती करून ठेवते. ज्याचे नेट मंद, त्याला लहान प्रत. ज्याचे वेगवान, त्याला मोठी. या प्रती राहतात कुठे? मोठमोठ्या इमारतींत हजारो यंत्रे रात्रंदिवस चालू असतात, त्यांत. त्या इमारती देशोदेशी आहेत. देशादेशांना जोडणाऱ्या तारा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या आहेत. त्यांतल्या कित्येक आपल्या जवळच, मुंबईला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बाहेर येतात. तेव्हा सरावलीच्या चाळीत घेतलेला व्हिडिओ क्षणात समुद्रापार जाऊन बसतो, यात जादू नाही. तार आहे, यंत्र आहे, आणि त्या यंत्रात आपल्या व्हिडिओची प्रत आहे.

'प्रत' हा शब्द नीट लक्षात घ्या. आपण भाकरी शेजारणीला दिली, तर भाकरी आपल्या हातून जाते. व्हिडिओचे तसे नाही. तो आपल्याकडेही राहतो आणि तिच्याकडेही होतो. तिने पुढे दिला, तर तिच्याकडेही राहतो आणि तिसरीकडेही होतो. पाच जणींनी प्रत्येकी पाच जणींना दिला, तर पंचवीस. त्या पंचवीस जणींनी प्रत्येकी पाच जणींना दिला, तर सव्वाशे. आणखी दोन वेळा असेच झाले, तर तीन हजारांच्या वर! कागदावर मांडून पाहा. आपण आपल्या मोबाइलमधला पुसला, तर तीन हजारांहून जास्त प्रतींतला एक गेला.

म्हणून पाठवण्याच्या आधीच ठरवायचे, की हा व्हिडिओ कोणासाठी आहे. आणि ते ठरवायची सोय पडद्यावरच दिलेली असते. फक्त ती वाचावी लागते. पोस्टाचे पाकीट आणि चावडीवरचा फलक यांत फरक आहे ना? पाकीट ज्याच्या नावाचे, त्यानेच उघडायचे. फलक येणारा-जाणारा कुणीही वाचतो. नेटवरही तसाच फरक आहे. तो तीन शब्दांत सांगितलेला असतो. हे तीन शब्द वाचता आले, की निम्मे काम झाले.

यूट्यूबवर व्हिडिओ चढवताना विचारतात, हा व्हिडिओ 'पब्लिक' ठेवायचा, 'अनलिस्टेड' ठेवायचा, की 'प्रायव्हेट'? मोबाइल मराठीत केला असेल, तर तिथे मराठी शब्द दिसतात. शब्द अडला, तर शेजारचे चित्र पाहा.

पृथ्वीगोलाचे चित्र म्हणजे पब्लिक, सार्वजनिक. हा चावडीवरचा फलक. जगात कुणीही पाहू शकतो. ओळखीचा, अनोळखी, चांगला, वाईट, सगळे त्यात आले.

साखळीच्या कडीचे चित्र म्हणजे अनलिस्टेड. हा व्हिडिओ शोधून सापडत नाही. पण त्याचा पत्ता, म्हणजे लिंक, ज्याच्याकडे आहे त्याला दिसतो. हे पाकीट खरे, पण न चिकटवलेले. लिंक ज्याला दिली, त्याने पुढे दिली, की पुढचाही पाहणार. लग्नाचा लांबलचक व्हिडिओ नातेवाइकांना दाखवायला ही सोय बरी. मात्र लिंक देताना "पुढे देऊ नका" असे सांगून ठेवावे.

कुलपाचे चित्र म्हणजे प्रायव्हेट, खाजगी. हा फक्त आपल्याला दिसतो, आणि ज्यांची नावे आपण स्वतः घालू त्यांना. नाव घालायला समोरच्याचे गुगलचे खाते लागते. थोडी खटपट आहे. पण खटपट आहे म्हणूनच कुलूप आहे.

फेसबुकवरही हाच प्रकार. तिथे पृथ्वीगोल म्हणजे सगळे जग, दोन माणसांची डोकी म्हणजे आपले मित्र, आणि कुलूप म्हणजे फक्त आपण. आता 'मित्र' या शब्दाला मात्र फार भुलू नये. पाचशे मित्र असलेल्या माणसाला विचारा, त्यांतले किती जण तुझ्या घराचा दरवाजा ओळखतात? उत्तर ऐकून हसू येईल.

बहुतेक माणसे ही चित्रे न पाहताच पुढचे बटण दाबतात. मग व्हिडिओ आजीसाठी केलेला असतो आणि लागतो चावडीवर.

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ 23 एप्रिल 2005 रोजी चढवला गेला. यूट्यूब काढणाऱ्या तिघांपैकी एक, जावेद करीम, अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून बोलतो, बस्स, एवढेच. अवघ्या 19 सेकंदांचा, अगदी घरगुती. दोन वर्षांनी, 2007 साली, इंग्लंडमधल्या एका बापाने आपल्या दोन लहान मुलांचा व्हिडिओ चढवला. धाकटा मोठ्याचे बोट चावतो आणि मोठा कळवळतो, एवढीच गंमत. मुलांचा मानलेला बाप अमेरिकेत होता, त्याला ती दाखवायची होती. एका माणसासाठी चढवलेला तो व्हिडिओ पुढे कोट्यवधी लोकांनी पाहिला. त्या कुटुंबाचे त्यात बरेच झाले. पैसाही मिळाला. पण आमचे लक्ष वेधते ते हे, की एका माणसासाठी ठेवलेल्या गोष्टीपुढे अख्खे जग येऊन उभे राहिले. त्या वेळी जगाने हसून पाहिले. दर वेळी जग हसतेच असे नाही.

ते आपल्या पालघरइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? 2012 सालच्या नोव्हेंबरची गोष्ट. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. बाळासाहेब ठाकरे यांचे 17 नोव्हेंबरला निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या 'लाइक' केल्या, म्हणजे नुसता पसंतीचा अंगठा दाबला. 19 नोव्हेंबरला दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. पुढे देशभर ओरड झाली, दोघींवरचा खटला बंद झाला, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. ज्या कलमाखाली अटक झाली होती, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनेविरुद्ध ठरवून रद्द केले. त्या मुलींचा गुन्हा नव्हता, हे देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट झाले. पण निकाल यायला दोन वर्षांहून जास्त काळ लागला, आणि जमाव यायला एक दिवसही लागला नाही.

तिथे व्हिडिओ नव्हता, लिहिलेल्या ओळी होत्या. पण वाट तीच. मैत्रिणींशी बोलल्यासारखे लिहिले आणि ते गावाने वाचले. व्हिडिओची वाट तर याहून सोपी, कारण तो पाहायला वाचता यावे लागत नाही.

व्हिडिओचा आणखी एक धोका आहे. तो कापता येतो. पुढचे-मागचे काढून टाकले की मधल्या तुकड्याचा अर्थ बदलतो. पाकिस्तानात कराचीच्या एका संस्थेने लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी छोटी फिल्म केली होती. मोटरसायकलवर दोघे येतात, रस्त्यात खेळणारे एक मूल उचलून नेतात. मग परत येऊन मूल खाली ठेवतात आणि फलक दाखवतात, की पाहा, मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. चांगल्या हेतूने केलेली फिल्म. कुणीतरी तिचा शेवट कापला. राहिला तो मूल उचलून नेण्याचा तुकडा. 2018 साली तो तुकडा "आपल्या भागात मुले पळवणारी टोळी आली आहे" अशा मजकुरासह भारतभर मोबाइलवर फिरत होता. त्याच दिवसांत, 1 जुलै 2018 रोजी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवड्याचा बाजार होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुले पळवणारे समजून जमावाने त्या पाचही जणांना ठार मारले. त्यांनी कुणाचे मूल पळवले नव्हते.

आपल्या जिल्ह्यातही 16 एप्रिल 2020 च्या रात्री डहाणू तालुक्यात गडचिंचले येथे तसेच घडले. टाळेबंदीचे दिवस होते. चोर फिरत असल्याच्या अफवा उठल्या होत्या. रस्त्याने जाणारे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशा तिघांचा जमावाने जीव घेतला. तिथे उभ्या असलेल्यांनी मोबाइलवर शूटिंग केले. ते दोन-चार दिवसांत देशभर गेले, आणि जाता जाता लोकांनी त्याला आपापल्या मनाच्या गोष्टी चिकटवल्या.

2018 च्या जुलैतच व्हॉट्सॲपने भारतात एक बंधन घातले. एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी मजकूर पुढे ढकलता येणार नाही. 2020 च्या एप्रिलपासून फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जातो. अशा मजकुरावर दोन बाणांची खूण असते. ती खूण दिसली, की समजावे, हा व्हिडिओ पाठवणाऱ्याच्या घरचा नाही. तो अनेक हातांतून आलेला आहे. त्याला पहिला माणूस कोण, ते पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आता घरच्या व्हिडिओकडे परत येऊ. आपण शूटिंग करतो, तेव्हा मोबाइल आपला असतो. पण व्हिडिओत दिसणारी माणसे? त्यांना विचारले का?

हळदीच्या दिवशी बायका नाचतात. आपल्या माणसांत नाचतात म्हणून मोकळ्या मनाने नाचतात. पदर सरकतो, केस सुटतात, कुणाला भान नसते. ते पाहून कुणीतरी शूटिंग करतो आणि रात्री स्टेटसला लावतो. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर कुणीतरी तिच्या नवऱ्याला म्हणतो, "काय, वहिनी भारी नाचतात!" पुढे घरात काय होते, ते सांगायला नको. बाईने काही चूक केलेली नसते. ती घरात नाचली होती. तिला गेटवर नेले ते दुसऱ्यानेच. पण बोलणी ती खाते. हे आम्हांला मुळीच पटत नाही. म्हणून नाच बंद करा, असे कुणी म्हणाले, तर त्याला सांगा, नाच राहू दे, तू मोबाइल खिशात ठेव.

आपल्या जिल्ह्यातल्या वारली लग्नांत तर हा प्रश्न अधिकच येतो. लग्नघरी धवलेरी गाणी म्हणते. भिंतीवर सुवासिनी चौक लिहितात. चौक 'काढला' म्हणत नाहीत, 'लिहिला' म्हणतात. त्यात पालघट देवी असते. तो देवाचा विधी आहे. बाहेरून हौशी मंडळी येतात, कॅमेरे रोखतात, दोन मिनिटांचा तुकडा उचलून नेटवर टाकतात, खाली स्वतःचे नाव घालतात. गाणाऱ्या म्हातारीचे नाव कुठेच नसते. तिला विचारलेले तर नसतेच. दुसरीकडे, म्हाताऱ्या धवलेरीची गाणी तिच्याच नातीने तिच्या परवानगीने नीट शूट करून ठेवली, तर त्या घराला केवढे धन मिळेल! तेच तारप्याचे. मोबाइल एकच. कोण धरतो आणि कुणाला विचारून धरतो, यावर सारे आहे.

लहान मुलांना तर विचारताही येत नाही. त्यांच्या वतीने आपणच विचार करायचा. उघड्या अंगाने नाहणाऱ्या पोराचा व्हिडिओ आईला गोड वाटतो, आणि तो गोड असतोच. पण चावडीवर लावला की तो कुणाच्या हाती पडेल, याचा नेम नाही. तेच पोर पंधरा वर्षांचे झाल्यावर वर्गातली मुले तो शोधून काढतील, हेही आहेच. मूल रडते, घाबरते, अडखळत बोलते, त्याची गंमत घरात ठेवावी. शाळेचा गणवेश, शाळेचे नाव, येण्याजाण्याची वेळ, हे व्हिडिओत असू नये.

कायदाही इथे उभा आहे. माणसाचे झाकलेले अंग त्याच्या परवानगीवाचून शूट करणे किंवा पाठवणे, हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-ई कलमाखाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलांच्या अश्लील चित्रणाला 67-बी कलम आहे. पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. "मी केला नाही, नुसता फॉरवर्ड केला," हे म्हणणे इथे चालत नाही. पाठवणाराही त्यात येतो.

व्हिडिओत माणसांच्या मागे काय दिसते, तेही एकदा पाहावे. मुलीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ. सगळे दागिने अंगावर, मागे उघडे कपाट, दारावर घराचा क्रमांक, आणि खाली लिहिले आहे, "उद्या सगळे गावी निघालो." चोराला आणखी काय हवे? गावाहून परत आल्यावर टाकला, तर काही बिघडत नाही.

आपल्याकडे आणखी एक खास गोष्ट आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र. 1969 पासून ते वीज देत आहे. 1923 च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली असे केंद्र मनाईचे ठिकाण ठरते. चिंचणीच्या किनाऱ्यावर पोरांचा खेळ शूट करा, खुशाल करा. पण जिथे 'प्रतिबंधित क्षेत्र' असा फलक दिसेल, तिथे कॅमेरा बंद करायचा. "मला ठाऊक नव्हते" म्हणायची वेळ येऊ नये, म्हणून तर फलक वाचायला शिकायचे. वसाहतीत कारखान्याला आग लागली की लोक मोबाइल घेऊन धावतात. धूर, ज्वाळा, आणि कधी भाजलेले कामगारही त्यात येतात. त्या कामगाराची बायको त्या वेळी बोईसरच्या बाजारात भाजी घेत असेल. तिला ही बातमी अशी कळावी का? आगीजवळ गर्दी झाली की बंबाला वाट मिळत नाही, ते वेगळेच.

गाण्यांचेही थोडे सांगतो, कारण हा प्रश्न लग्नसराईत हमखास येतो. व्हिडिओ चढवला आणि यूट्यूबने त्याचा आवाजच बंद केला, असे का? लग्नात डीजेवर सिनेमाचे गाणे वाजत होते म्हणून. गाण्याचा मालक वेगळा असतो. यंत्र गाणे ओळखते आणि मालकाला कळवते. लग्नाच्या समारंभात, वरातीत गाणी वाजवायला 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. पण तेच गाणे व्हिडिओत घालून जगापुढे मांडायला ती सूट लागू होत नाही. घरच्या बायकांनी म्हटलेली जात्यावरची किंवा हळदीची परंपरेची गाणी असतील, तर असा अडथळा सहसा येत नाही. आणि आम्हांला विचाराल, तर तीच ऐकायला जास्त बरी वाटतात.

एवढे करूनही नको तो व्हिडिओ बाहेर गेला, तर? आधी घाबरू नका. आपण पाठवला असेल, तर लगेच पुसा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ ठराविक मुदतीत सर्वांकडून पुसता येतो; उशीर झाला की ती सोय जाते. दुसऱ्याने टाकला असेल, तर त्याला काढायला सांगा. यूट्यूब, फेसबुक, सगळीकडे व्हिडिओजवळ तक्रार करायची जागा असते, तिथे 'रिपोर्ट' असे लिहिलेले असते. तक्रार करण्याआधी पडद्याचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट, घेऊन ठेवा. लिंक, तारीख आणि कुणी पाठवला त्याचा नंबरही लिहून ठेवा. हा पुरावा. रागाच्या भरात तो स्वतःच पुसून टाकू नका.

कुणी "पैसे दे, नाहीतर तुझा व्हिडिओ सगळ्यांना पाठवतो" अशी धमकी दिली, तर एक रुपयाही देऊ नका. एकदा दिले की तो पुन्हा मागतो. जवळच्या पोलीस ठाण्यात जा. पैसे गेले असतील, तर 1930 या नंबरवर ताबडतोब फोन करा. सरकारचे तक्रारीचे संकेतस्थळही आहे, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. बायका आणि मुले यांच्याविषयीच्या अश्लील व्हिडिओची तक्रार तिथे नाव न सांगताही करता येते. मुलांसाठी 1098 हा नंबर आहे. आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. मुलगी अशी तक्रार घेऊन आली, तर "तू तिथे गेलीसच कशाला?" हा पहिला प्रश्न विचारू नका. त्या एका प्रश्नाच्या भीतीने कितीतरी मुली महिनोन् महिने गप्प राहतात, आणि धमकी देणाऱ्याला तेच हवे असते.

आता शेवटचे काम राहिले, घरची प्रत. नेटवर चढवला म्हणजे व्हिडिओ कायमचा जपला, असे पुष्कळांना वाटते. 29 जून 2020 रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. गावोगावच्या पोरापोरींनी तिथे ठेवलेले नाच, गाणी, नकला, बाळांचे व्हिडिओ एका रात्रीत डोळ्यांआड झाले. मोबाइल पाण्यात पडतो, चोरीला जातो. म्हणून वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि मे महिन्यात म्हणा, निवडक व्हिडिओ पेन ड्राइव्हवर उतरवावे. एक प्रत आपल्या कपाटात, दुसरी बहिणीच्या घरी.

उतरवताना प्रत्येक व्हिडिओला नाव द्यावे. मोबाइल नुसते आकडे टाकतो, त्यांवरून काही कळत नाही. साल आधी लिहा, मग महिना, मग प्रसंग, मग गाव. जसे, '2025 मे, धाकटीची हळद, पास्थळ'. आणि एका वहीत लिहून ठेवा, व्हिडिओत कोण कोण आहे. डावीकडून आत्या, मग तिची जाऊ, मग शेजारच्या वहिनी, मांडीवर बाळ. आज हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या बाळाला मात्र पुढे वहीतूनच वाचावे लागेल.